चुकीचा पास देणाऱ्या पोराचं कोच काय करतो?

केतकी (धागाकर्ती)

मंडळी, मार्च तोंडावर आलाय. इकडे मार्च म्हणजे कॉलेज बास्केटबॉलची बाद फेरी. इंडियानात तर शेजारच्या आजीसुद्धा तक्ता काढून कोण कुणाला हरवणार ते भरत बसतात. आमच्या घरात मात्र कोण जिंकणार यावर नाही, तर कोच कसा असावा यावर वाद चाललाय. म्हणून हा धागा.

मी १९९९ मध्ये पुण्याहून ब्लूमिंग्टनला, इंडियाना विद्यापीठात शिकायला आले. बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण त्या गावात विद्यापीठाचे कोच बॉब नाइट हे नाव कळायला आठवडासुद्धा लागत नसे. १९७६, १९८१ आणि १९८७ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदं. १९७६ चा संघ ३२-०, एकही सामना न हरलेला. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं पुरुषांमध्ये ते कुणाला जमलं नाही. आणि त्याच माणसाने १९८५ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाविरुद्धच्या चालू सामन्यात लाल खुर्ची उचलून मैदानात भिरकावली होती. गावात दोन्ही गोष्टी सारख्याच कौतुकाने सांगत.

२००० च्या वसंतात एक चित्रफीत बाहेर आली. १९९७ च्या सरावातली. तिच्यात नाइट यांचा हात नील रीड या खेळाडूच्या गळ्यावर दिसतो. विद्यापीठाने त्यांना दंड केला, तीन सामन्यांची बंदी घातली आणि बजावलं की आता एकही चूक खपवून घेणार नाही. सप्टेंबरमध्ये पहिल्या वर्षाच्या एका मुलाने त्यांना "काय नाइट, कसं काय?" अशा थाटात हाक मारली. नाइट यांनी त्याचा दंड धरून त्याला बोलण्याची रीत शिकवली. १० सप्टेंबरला त्यांना काढलं.

त्या रात्री हजारो विद्यार्थी विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या घरावर चालून गेले. पुतळे जाळले. मी आणि माझी रूममेट खिडकीतून तो लोंढा जाताना बघत होतो. खरं सांगते, मी तेव्हा मनातून नाइट यांच्या बाजूची होते. आपल्याकडे सरांना नुसत्या आडनावाने हाक मारायची कुणाची टाप होती? मग कळलं की त्या मुलाला धमक्या येताहेत. एकोणीस वर्षांचं पोर. तिथे माझं मन फिरलं, पण कुठे फिरलं ते मला धड शब्दांत सांगता येत नव्हतं.

आता पंचवीस वर्षांनी माझा मुलगा इथल्याच एका हायस्कूलच्या संघात आहे. जानेवारीत शेवटच्या मिनिटात त्याचा पास चुकला, चेंडू समोरच्याच्या हातात गेला, सामना गेला. कोचने जर्सीला धरून त्याला खाली बसवलं, सगळ्यांसमोर नको ते बोलले. ते एक वेळ सोडा. पुढचे दोन आठवडे ते त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत, आणि बाकीच्या मुलांनाही "त्याला त्याचा विचार करू द्या" म्हणून सांगितलं. पोरगं जेवायचं बंद झालं. नवरा म्हणतो, इंडियानात कोच असेच, यातूनच मुलं घडतात.

तर तुम्ही पाहिलेले, वाचलेले कॉलेजचे कोच सांगा. जुने, नवे. कोण किती जिंकलं ते इंटरनेटवर सापडतं. माणूस म्हणून कसे होते?

विक्रांत_इंडी

केतकी, मुलाबद्दल वाचून वाईट वाटलं. पण नाइट यांच्याबद्दल अर्धंच लिहिलं आहेस, म्हणून उरलेलं मी लिहितो.

लँडन टर्नर. १९८१ च्या विजेत्या संघातला खेळाडू. विजेतेपदानंतर चार महिन्यांत, जुलैमध्ये, गाडीचा अपघात झाला आणि छातीखालचं शरीर लुळं पडलं. तो पुन्हा कधी खेळणार नव्हता, म्हणजे कोचच्या दृष्टीने त्याचा "उपयोग" संपला होता. नाइट यांनी त्याच्या उपचारांसाठी निधी उभा केला, जिथे जातील तिथे त्याच्यासाठी पैसे मागितले. पुढच्या वर्षी बॉस्टन सेल्टिक्स या व्यावसायिक संघाने नव्या खेळाडूंच्या निवडीच्या अगदी शेवटच्या फेरीत टर्नरचं नाव घेतलं. चाकाच्या खुर्चीतल्या मुलाचं. त्यामागेही नाइट होते.

शिवाय, इतकी वर्षं इंडियानात राहून त्यांच्यावर खेळाडूंना चोरून पैसे दिल्याचा डाग नाही. मुलं वर्गात बसायची, बहुतेक पदवी घेऊन बाहेर पडायची. विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी या माणसाने पैसा गोळा केला. किती कोचांनी ग्रंथालयाचा विचार केला असेल?

ड्यूक विद्यापीठाचे कोच माइक शशेफ्स्की वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत नाइट यांच्याच हाताखाली खेळले. २०११ मध्ये त्यांनी गुरूचा ९०२ विजयांचा विक्रम मोडला तेव्हा नाइट तिथेच समालोचन करत होते, आणि सामना संपल्यावर शशेफ्स्की थेट त्यांच्याकडे गेले. ओरडणाऱ्या माणसाकडे कुणी असं जातं का?

आप्पा_नागपूर

केतकीताई, मी शाळेत ३१ वर्षं शारीरिक शिक्षण शिकवलं, त्यातली बरीचशी बास्केटबॉलच्या सिमेंटच्या कोर्टावर. अमेरिका पाहिली नाही. पण जॉन वुडन यांचं एक मला फार पूर्वी वाचायला मिळालं आणि तेवढ्यावर मी नोकरी काढली.

वुडन म्हणजे लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचे कोच. बारा वर्षांत दहा राष्ट्रीय विजेतेपदं, त्यातली सात ओळीने. सलग ८८ सामने जिंकलेले. देशभरातून निवडून आणलेले खेळाडू. अशा पोरांना पहिल्या दिवशी हा माणूस काय शिकवायचा? मोजे घालायला. बोटांपासून टाचेपर्यंत मोजा ओढायचा, करंगळीपाशी आणि टाचेपाशी हात फिरवून सुरकुती काढायची, मग बूट, मग प्रत्येक भोकातून नाडी घट्ट करत वर यायचं. सुरकुती राहिली तर फोड येतो, फोड आला तर सराव बुडतो.

आमच्या पोरांचे कॅनव्हासचे बूट, तळ झिजलेले, उन्हाळ्यात तापलेलं सिमेंट. फोड हा आमचा रोजचाच पाहुणा. मी जून महिन्यात पहिला अर्धा तास मोज्यांना द्यायला लागलो. पोरं हसली. पंधरा दिवसांनी हसायची थांबली. एका पोराकडे मोजेच नव्हते, ते त्या अर्ध्या तासात माझ्या लक्षात आलं. वर्षभर मी त्याला नुसता "पाय उचल" म्हणून ओरडत होतो.

आणखी एक. १९७४-७५ च्या मोसमात दोन मानसशास्त्रज्ञांनी वुडन यांच्या पंधरा सरावांना बसून त्यांचं प्रत्येक बोलणं टिपलं. २३२६ नोंदी. त्यांतलं सुमारे ७५ टक्के नुसती माहिती होती: हे असं कर, इथे उभा राहा, हात असा. शाबासकी सात टक्क्यांच्या आत. नाराजीही सात टक्क्यांच्या आत. म्हणजे गोड बोलणारा मास्तर नव्हता तो. शिकवणारा होता. तुमच्या मुलाच्या कोचने त्याला तो पास कसा द्यायला हवा होता, हे सांगितलं का? एवढंच विचारतो.

केतकी

आप्पा, नाही सांगितलं. तुमचा प्रश्न वाचून मी मुलाला विचारलं. तो म्हणाला, "आई, मला अजूनही माहीत नाही की मी काय करायला हवं होतं." त्याच्या समोर दोघं आले होते म्हणे.

अभिजित_एलए

आप्पांचा प्रतिसाद फार आवडला. पण वुडन यांना देव्हाऱ्यात बसवू नये.

यूसीएलएच्या त्या सोनेरी काळात सॅम गिल्बर्ट नावाचा एक श्रीमंत बांधकाम कंत्राटदार खेळाडूंच्या अवतीभोवती असायचा. पोरं त्याला "पापा जी" म्हणत. कपडे, गाड्यांची सोय, अडीनडीला मदत, सगळं नियमाबाहेरचं. वुडन १९७५ ला निवृत्त झाले. कारवाई झाली १९८१ मध्ये, दुसऱ्याच कोचांच्या काळातल्या संघावर. वुडन यांनी स्वतः एक डॉलर दिला असं कुणीच म्हणत नाही. पण करंगळीपाशी आलेली सुरकुती ज्याला दिसते, त्याला खेळाडूच्या अंगावरचा नवा कोट दिसला नसेल का? मला हा प्रश्न सोडवत नाही. मी वुडन यांना मानतो, म्हणूनच सोडवत नाही.

आप्पा_नागपूर

अभिजितराव, योग्य बोललात. मान्य. मी त्या बाजूने विचार केला नव्हता.

तरी त्यांच्या आधीच्या आयुष्यातली एक गोष्ट त्यांच्या खात्यात लिहा. यूसीएलएच्या आधी ते इंडियाना स्टेट टीचर्स कॉलेजला होते. १९४७ मध्ये कॅन्सस सिटीच्या राष्ट्रीय स्पर्धेचं आमंत्रण आलं, पण कृष्णवर्णीय खेळाडू आणायचा नाही या अटीवर. संघात क्लॅरेन्स वॉकर होता. तो काही मुख्य पाचांतला नव्हता, बहुतेक वेळ बाकावरच असायचा. वुडन यांनी आमंत्रण परत केलं. पुढच्या वर्षी अट काढली गेली, संघ गेला, आणि वॉकर त्या स्पर्धेत खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. बाकावरच्या पोरासाठी अख्खी स्पर्धा सोडणारा कोच मला तरी कुठे भेटला नाही.

चॅपेलहिलकर

उशिरा आलो, पण हा माझा विषय आहे. नॉर्थ कॅरोलायनात वीस वर्षं झाली, आणि इथे डीन स्मिथ यांच्याबद्दल मराठी मंडळाच्या गणपतीतही बोलणं निघतं.

१९६१ ते १९९७ नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे मुख्य कोच, ८७९ विजय, १९८२ आणि १९९३ ची विजेतेपदं. हे झाले आकडे. आता माणूस. साधे सहायक कोच असताना, म्हणजे नोकरी कधीही जाऊ शकते अशा दिवसांत, ते आपल्या चर्चमधल्या एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला घेऊन चॅपेल हिलच्या ‘द पाइन्स’ या हॉटेलात जेवायला गेले. तिथे गोऱ्यांखेरीज कुणाला वाढत नसत. संघ याच हॉटेलात जेवायचा, त्यामुळे मालकाला नाही म्हणता आलं नाही. स्मिथ स्वतः ही गोष्ट कधी सांगत नसत. ती त्यांच्या पाद्रींनी एका पत्रकाराला सांगितली, आणि पत्रकार विचारायला गेला तेव्हा स्मिथ यांना ती सांगितली गेल्याचंच वाईट वाटलं. योग्य गोष्ट केल्याचा अभिमान बाळगायचा नसतो, ती नुसती करायची असते, असं त्यांचं म्हणणं. पुढे १९६६ मध्ये त्यांनी चार्ली स्कॉटला आणलं, विद्यापीठाचा शिष्यवृत्तीवरचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. भेटीला आलेल्या स्कॉटला ते आपल्याच चर्चमध्ये घेऊन गेले होते.

त्यांच्या संघाच्या दोन सवयी बघा. बास्केट झाली की टाकणाऱ्याने आधी पास देणाऱ्याकडे बोट दाखवायचं. आणि दमलात तर मूठ वर करायची, कोच तुम्हाला बाहेर घेणार, आणि दम खाऊन झाला की परत आत जायचं तुम्हीच ठरवायचं. म्हणजे "मी दमलोय" म्हणणं हा गुन्हा नाही. केतकी, मी जेव्हा पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा माझ्या ऑफिसातले बॉस आठवले आणि गप्प बसलो.

२०१५ मध्ये ते गेले. काही आठवड्यांनी त्यांच्या सुमारे १८० जुन्या खेळाडूंच्या घरी पाकिटं आली. प्रत्येकात २०० डॉलरचा चेक, कोच स्मिथतर्फे बाहेर छान जेवा म्हणून. मृत्युपत्रात तशी तरतूद होती. मायकल जॉर्डनलाही २०० आणि चार वर्षांत दहा मिनिटं खेळलेल्यालाही २००.

पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर स्मिथ यांच्यात नाही, समोरच्या बाकावर आहे.

२९ मार्च १९८२, न्यू ऑर्लिन्स. अंतिम सामना, नॉर्थ कॅरोलायना विरुद्ध जॉर्जटाउन. पहिल्या वर्षाच्या जॉर्डनने शेवटच्या काही सेकंदांत बास्केट टाकली, ६३-६२. अजून वेळ होता. जॉर्जटाउनचा फ्रेड ब्राउन चेंडू घेऊन आला, डोळ्याच्या कोपऱ्यातून आपला माणूस दिसला असं त्याला वाटलं, आणि त्याने चेंडू सरळ प्रतिस्पर्धी जेम्स वर्दीच्या हातात दिला. अख्ख्या देशासमोर. सामना तिथेच संपला.

जॉर्जटाउनचे कोच जॉन थॉम्प्सन. पावणेसात फुटांहून उंच, खांद्यावर पांढरा टॉवेल, आणि चेहरा असा की पत्रकार वचकून असायचे. राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय मुख्य कोच होण्याची संधी त्या एका पासने गेली होती. थॉम्प्सन यांनी ब्राउनला जवळ ओढलं आणि मिठीत घेतलं. ती मिठी मी शंभर वेळा पाहिली असेल. पोरगं त्या छातीत पार दिसेनासं होतं.

दोन वर्षांनी, १९८४ मध्ये, जॉर्जटाउन जिंकलं. ब्राउन अजून संघात होता. थॉम्प्सन यांनी पुन्हा त्याला तसंच मिठीत घेतलं.

रानजाई

चॅपेलहिलकर, डोळ्यांत पाणी आणलंत.

थॉम्प्सन यांच्याबद्दल भर. ते आपल्या ऑफिसात हवा गेलेला बास्केटबॉल ठेवायचे. चेंडूतली हवा एक दिवस जाणारच, तेव्हा हातात काय उरेल, असं मुलांना विचारायचे. आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी वॉशिंग्टनचा सगळ्यात मोठा अमली पदार्थांचा व्यापारी त्यांच्या खेळाडूंशी दोस्ती करायला लागला, तेव्हा त्याला ऑफिसात बोलावून तोंडावर सांगितलं, माझ्या पोरांपासून लांब राहा. त्या काळात त्या माणसाला असं सांगणं म्हणजे काय, ते वॉशिंग्टनच्या लोकांना विचारा.

पण मी लिहायला बसले ती पॅट समिटसाठी. सगळे पुरुष कोचांबद्दलच बोलताय!

मी नॉक्सव्हिलला अकरा वर्षं काढली. १९७४ मध्ये पॅट बावीस वर्षांची असताना तिथल्या टेनेसी विद्यापीठाच्या मुलींच्या संघाची कोच झाली. महिना २५० डॉलर. जर्सी स्वतः धुवायची, व्हॅन स्वतः चालवायची. तिथून ३८ वर्षांत १०९८ विजय आणि आठ विजेतेपदं. आणि हे सगळ्यात मोठं: पूर्ण मुदत खेळलेल्या प्रत्येक मुलीने पदवी घेतली. प्रत्येक. नियम साधा होता, वर्गात पहिल्या तीन रांगांत बसायचं.

ती कडक नव्हती असं कुणी म्हणू नका. सुरुवातीच्या एका वर्षी मुली रात्री पार्टी करून आल्याचं कळल्यावर तिने मैदानाच्या चार कोपऱ्यांत कचऱ्याचे डबे ठेवले आणि ओकाऱ्या होईपर्यंत पळवलं. आज कुणी असं केलं तर नोकरी जाईल आणि जायला हवी, माझं स्पष्ट मत आहे. पण त्याच मुली तिला "कोच" न म्हणता "पॅट" म्हणायच्या. केतकी, तुझ्या त्या "काय नाइट"वाल्या प्रसंगावरून आठवलं. नावाने हाक मारल्याने तिचा मान कधी कमी झाला नाही.

२०११ मध्ये, एकोणसाठाव्या वर्षी, तिला अल्झायमर झाल्याचं निदान झालं. तिने ते लपवलं नाही. स्वतः मुलींना सांगितलं, जगाला सांगितलं, आणि आणखी एक मोसम बाकावर बसली. सहायक कोच बरंचसं काम बघत होत्या. जिने आयुष्यभर मुलींना "चूक कबूल करा, नजर चोरू नका" म्हणून सांगितलं, तिने स्वतःचं विसरणं असं उघड्यावर मांडलं. २०१६ च्या जूनमध्ये ती गेली, तेव्हा चौसष्ट वर्षांची होती.

वेकोची_मंजू

एवढं चांगलं वाचल्यावर हे लिहू की नको असं झालं, पण आमच्या गावची गोष्ट सांगितल्याशिवाय धागा अपुरा राहील.

२००३ चा उन्हाळा, बेलर विद्यापीठ, टेक्सासमधलं वेको. पॅट्रिक डेनेही हा खेळाडू बेपत्ता झाला, जुलैमध्ये त्याचा मृतदेह सापडला. संघातल्याच एकाने गोळी घातली होती. मुख्य कोच डेव्ह ब्लिस यांनी त्याची फी नियम मोडून गुपचूप भरली होती, आणि चौकशीत ते बाहेर येणार होतं. तेव्हा त्यांनी ठरवलं की मेलेल्या पोराला अमली पदार्थ विकणारा ठरवायचं, म्हणजे पैसे कुठून आले ते कुणी विचारणार नाही. खेळाडूंनी आणि सहायकांनी तसंच सांगायचं.

एबार राउझ नावाचा तरुण सहायक कोच होता. नोकरीला जेमतेम काही महिने झालेले. त्याला धमकावलं, ऐकलं नाहीस तर नोकरी जाईल. त्याने खिशात छोटा टेपरेकॉर्डर ठेवला आणि सगळं ध्वनिमुद्रित केलं. त्यामुळे मेलेल्या मुलाची अब्रू वाचली. स्वतःची बाजू मांडायला तो उरलाच नव्हता.

राउझचं काय झालं? मोठ्या कॉलेजच्या बाकावर त्याला पुन्हा जागा मिळाली नाही. मोठमोठे कोच म्हणाले, मला न सांगता माझं बोलणं टेप करणारा सहायक मी ठेवणार नाही. विक्रांत, वर ज्यांचं नाव तुम्ही आदराने घेतलंत ते शशेफ्स्कीसुद्धा त्यांत होते. आणि ब्लिस? दहा वर्षांची बंदी संपल्यावर त्यांना एका लहान कॉलेजात पुन्हा कोच म्हणून नोकरी मिळाली.

त्याच बेलरला स्कॉट ड्रू आले, उद्ध्वस्त संघ हाताशी घेतला आणि २०२१ मध्ये गोन्झागाला ८६-७० असं हरवून विजेतेपद आणलं. गाव रस्त्यावर नाचत होतं, मीही होते. पण मला त्या रात्री राउझ आठवला. त्याला कुणी बोलावलं असेल का, असं वाटत राहिलं.

साकेत७७

रटगर्स विद्यापीठाचं प्रकरणही याच जातीचं. कोच माइक राइस सरावात मुलांच्या अंगावर चेंडू फेकत, घाणेरड्या शिव्या देत. विद्यापीठाने २०१२ च्या अखेरीसच ती फीत पाहिली होती! तीन सामन्यांची बंदी आणि दंड, विषय संपला. एप्रिलमध्ये टीव्हीवर दाखवली तेव्हा दुसऱ्या दिवशी काढलं. फीत तीच होती. बघणारे वाढले, एवढंच.

अभिजित_एलए

साकेत, अगदी हेच.

आताच्या कोचांबद्दल कुणीच फार लिहिलं नाही, म्हणून थोडक्यात. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये एफबीआयने चार कॉलेजांच्या सहायक कोचांना लाच घेतल्याबद्दल पकडलं. पकडले गेले ते सहायकच, आणि बहुतेक मुख्य कोचांच्या केसालाही धक्का लागला नाही. २०२१ पासून खेळाडू स्वतःच्या नावावर उघड पैसे कमवू शकतात आणि वर्ष वाया न घालवता कॉलेज बदलू शकतात. मला हे न्यायाचं वाटतं. कोच लाखो डॉलर घेऊन हवं तेव्हा कॉलेज बदलत होतेच की! आता जो कोच छळतो त्याच्याकडून पोरगं निघून जाऊ शकतं. नाइट यांच्या काळात जायचं झालं तर वर्षभर बाहेर बसावं लागे.

आताच्यांपैकी माझा माणूस टोनी बेनेट. २०१८ मध्ये त्याचा पहिल्या मानांकनाचा व्हर्जिनिया संघ सोळाव्या, म्हणजे गटातल्या शेवटच्या मानांकनाच्या यूएमबीसी या विद्यापीठाकडून ५४-७४ असा हरला. पुरुषांच्या स्पर्धेत तोवर असं कधीच झालं नव्हतं. देशभर चेष्टा. बेनेट लगेच पत्रकारांसमोर आला, समोरचे आमच्यापेक्षा चांगले खेळले म्हणाला, एकाही खेळाडूकडे बोट दाखवलं नाही. पुढच्याच वर्षी तीच पोरं घेऊन विजेता झाला. त्यानंतर विद्यापीठाने देऊ केलेली मोठी पगारवाढ नाकारली, उलट खेळाडूंना पुढे नोकरी-व्यवसायासाठी मदत व्हावी म्हणून त्याने आणि बायकोने पाच लाख डॉलर दिले. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, मोसम तोंडावर असताना, या नव्या व्यवस्थेला मी योग्य माणूस नाही असं सांगून बाजूला झाला. हे शेवटचं मला पटलं नाही. त्याने त्या वर्षासाठी पोरं गोळा केली होती. त्यांच्याकडे बघून तरी मार्चपर्यंत थांबायला हवं होतं.

विक्रांत_इंडी

सगळं वाचलं. दोन दिवस उत्तर लिहीत होतो आणि पुसत होतो.

मी काल रात्री ती १९९७ ची फीत पुन्हा पाहिली. इतकी वर्षं मी म्हणत आलो की दोन-तीन सेकंदांचा तर प्रकार आहे. या वेळी मी नाइट यांच्याकडे न बघता नील रीडकडे बघितलं. त्याचं डोकं मागे जातं. आणि आजूबाजूचे कुणी फार दचकलेले दिसत नाहीत. ते मला आधी कधी दिसलं नव्हतं. रीड तीन वर्षांनी खरं बोलला तर माझ्यासारख्या हजारो लोकांनी त्याला खोटारडा ठरवलं. मीही ठरवलं, मित्रांत बसून, मोठ्याने. २०१२ मध्ये तो गेला, छत्तिसाव्या वर्षी, हृदयविकाराने. त्याची माफी मागायची राहिली.

लँडन टर्नरसाठी जे केलं तेही खरं आहे. ते मी मागे घेत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये नाइट वीस वर्षांनी पहिल्यांदा असेंब्ली हॉलमध्ये, इंडियानाच्या घरच्या मैदानात आले, जुन्या खेळाडूंनी त्यांना धरून आणलं. मी तिथे होतो आणि रडलो. आजही गेलो असतो तर रडलो असतो. पण रीडला कुणी असं धरून परत आणलं नाही.

केतकी, तुझ्या नवऱ्याचं "यातूनच मुलं घडतात" हे वाक्य मी माझ्या मुलाला सांगितलेलं आहे. तो आता बास्केटबॉल खेळत नाही.

केतकी

विक्रांत, हे लिहायला सोपं गेलं नसेल. मनापासून आभार.

सगळ्यांना सांगायचं म्हणजे, रविवारी मी मुलाला १९८२ च्या त्या सामन्याचा शेवट दाखवला. तो काही बोलला नाही. फ्रेड ब्राउनचा पास त्याने चार वेळा मागे नेऊन बघितला. मिठी एकदाच बघितली. मग विचारलं, "तो पुढच्या वर्षी खेळला?" मी म्हटलं, खेळला, आणि त्याच्या पुढच्या वर्षी जिंकला. मग त्याने आप्पांचा प्रश्न स्वतःच सोडवायला घेतला. स्वयंपाकघराच्या ओट्यावर मीठदाणी, मिरपूड, दोन वाट्या मांडून मला दाखवलं, की दोघं अंगावर आले तर एक पाऊल मागे घेऊन चेंडू जमिनीवरून टप्पा देऊन द्यायचा. नवरा दारात उभा राहून बघत होता. तो पुढे आला आणि एक वाटी सरकवून म्हणाला, "पण हा इथे असेल तर?" दोघं अर्धा तास ओट्यापाशी होते.

शाळेच्या क्रीडा विभागप्रमुखांची वेळ मागितली होती, मिळाली. मंगळवारी साडेतीन. नवऱ्याला त्या दिवशी शिकागोला जावंच लागणार आहे. मी काय बोलायचं ते लिहून काढलंय, पण माझी बास्केटबॉलची भाषा कच्ची आहे. "पालकांना खेळ कळत नाही" म्हणून वाटेला लावतील अशी भीती वाटते.

आप्पा_नागपूर

ताई, कोचांवर राग म्हणून बोलू नका. एकच विचारा: त्या दोन आठवड्यांत माझ्या मुलाला काय शिकवलं? उत्तर येईपर्यंत गप्प बसा.

विक्रांत_इंडी

केतकी, व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघ, शाळेचा पत्ता पाठव. मंगळवारी तीनला मी पार्किंगमध्ये असेन.